मशीन बदलण्याआधी

हातातले घड्याळ बंद पडणे ही आता फार मोठी अडचण राहिलेली नाही. वेळ मोबाइलवर दिसते, स्टेशनवर दिसते, बँकेच्या भिंतीवर दिसते. तरीही बंद पडलेले जुने घड्याळ सहसा कोणी फेकून देत नाही. ते कपाटातल्या एखाद्या डब्यात जाऊन बसते. कारण ते वडिलांना निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेले असते, लग्नात सासरहून आलेले असते, नाही तर दहावी पास झाल्यावर मामांनी घेऊन दिलेले असते. हे घड्याळ १९८० ते १९९५ च्या दरम्यानचे असेल, तर बऱ्याचदा ते क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारे असते. अशा घड्याळाची दुरुस्ती होते का, होत असेल तर ती कोण करतो आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात राहणाऱ्याने त्या माणसाला शोधायचे कसे, एवढ्याच गोष्टीविषयी आज बोलायचे आहे.

आपल्या भागात घड्याळाला घडी म्हणण्याची पद्धत आहे. घडी घेऊन आपण दुकानात जातो. दुकानदार झाकण उघडतो, सेल बदलून पाहतो. काटे हलले तर ठीक. हलले नाहीत तर पुढचे संभाषण बहुतेक ठिकाणी सारखेच असते.

“काका, मशीन गेली. नवीन टाकून देतो.”

“जुनी नाही का होणार?”

“सेलच्या घडीत दुरुस्ती नसते, काका. मशीनच बदलावी लागते.”

दुकानदार खोटे बोलत नसतो. त्याच्या रोजच्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत ते खरेच असते. आजच्या स्वस्त घड्याळांतले मशीन बरेचसे प्लॅस्टिकचे असते, ते उघडून साफ करण्यासाठी बनवलेलेच नसते आणि नवे मशीन दुरुस्तीच्या मजुरीपेक्षा कमी पैशांत मिळते. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या चांगल्या क्वार्ट्झ घड्याळाला तोच नियम लावला, की घोटाळा होतो. आत जपानी किंवा भारतीय बनावटीचे, धातूच्या पट्ट्यांचे, स्क्रूने जोडलेले, रत्नांच्या टेकणांवर फिरणारे मशीन असते. ते काढून तिथे प्लॅस्टिकचे मशीन बसवले जाते. कधी ते नीट बसत नाही, म्हणून डायलचे मागचे पाय कापतात आणि डायल चिकटपट्टीने चिकटवतात. काट्यांची भोके जुळत नाहीत म्हणून काटेही बदलतात. घड्याळ चालू होते, पण वडिलांच्या घड्याळातली उरते ती फक्त पेटी. कापलेला डायल पुन्हा पहिल्यासारखा बसवणेही मग कठीण होते.

म्हणून आधी आत नेमके काय चालते ते समजून घेऊ. ते अवघड नाही.

क्वार्ट्झ म्हणजे स्फटिक, आपली गारगोटी ज्या कुळातली त्याच कुळातला. १८८० साली फ्रान्समध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवून दिले, की काही स्फटिकांवर दाब दिला तर त्यांत वीज निर्माण होते. उलट वीज दिली तर स्फटिक थरथरतो, हेही लवकरच सिद्ध झाले. योग्य आकारात कापलेल्या स्फटिकाची ही थरथर अत्यंत नियमित असते. १९२७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी या तत्त्वावर पहिले घड्याळ तयार केले. पण ते खोलीत ठेवायचे यंत्र होते. मनगटावर मावेल असे पहिले क्वार्ट्झ घड्याळ जपानच्या सिको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीला आणले. त्याचे नाव ॲस्ट्रॉन आणि किंमत साडेचार लाख येन. तेवढ्या पैशांत तेव्हा तिथे एखादी छोटी मोटार येत असे.

आज आपल्या घड्याळांत असतो तो स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. त्याला दोनाने भागा, आलेल्या उत्तराला पुन्हा दोनाने भागा, असे पंधरा वेळा करा. शेवटी बरोबर एक उरतो. घड्याळातली चिप हेच काम करते आणि सेकंदाला एक विजेचा ठोका बाहेर पाठवते. तो ठोका तांब्याच्या तारेच्या एका गुंडाळीत, म्हणजे कॉइलमध्ये जातो. कॉइल क्षणभर लोहचुंबक बनते आणि शेजारचे चिमुकले चुंबकी चाक अर्धा फेरा फिरते. त्यापुढे दातेरी चाके आणि काटे. सेकंदकाटा टक टक करत उड्या मारतो तो यामुळे.

म्हणजे घड्याळाचे चार भाग झाले : सेल, चिप व स्फटिक, कॉइल आणि दातेरी चाके. “मशीन गेली” या दोन शब्दांत हे चारही भाग एकदम गेल्याचे आपण मान्य करून टाकतो. प्रत्यक्षात बहुधा एकच काहीतरी बिघडलेले असते.

सगळ्यात साधे कारण सेल. घड्याळाचा चांगला सेल सिल्व्हर ऑक्साइडचा असतो. त्याचा दाब १.५५ व्होल्ट असतो आणि संपेपर्यंत तो जवळजवळ तेवढाच राहतो. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल स्वस्त मिळतो, पण त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि तो गळण्याची भीतीही जास्त असते. ओळख सोपी आहे. सेलच्या पाठीवर ‘एसआर’ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो सिल्व्हर ऑक्साइडचा आणि ‘एलआर’ असेल तर अल्कलाइन. एसआर ६२६ आणि एलआर ६२६ दिसायला सारखेच, म्हणून मागून घ्यावे आणि पाहून घ्यावे. दुसरी गोष्ट, बंद घड्याळात संपलेला सेल कधीही तसाच ठेवू नये. कपाटातल्या डब्यात घड्याळ मरते ते बहुधा याच कारणाने. सेल गळतो, त्यातला क्षार पत्र्याच्या टेकणांवर, चिपच्या पट्टीवर आणि कॉइलवर चढतो.

दुसरे कारण वाळलेले तेल. क्वार्ट्झ घड्याळालाही तेल लागते, हे अनेकांना माहीत नसते. वीस-तीस वर्षांत ते घट्ट होते, त्यात धूळ बसते. आपल्याकडे राइस मिलचा भुसा आहे, रस्त्याची धूळ आहे आणि रोवणीच्या दिवसांतला चिखलही आहे. पाठीच्या झाकणाखालची रबरी कडी कडक झाली असेल, तर पावसाळ्याचे चार महिने ओल आत जात राहते. विजेचा ठोका येतो, पण चाकांना फिरायला जोर पुरत नाही. अशा वेळी मशीन खोलून, साफ करून, नेमक्या ठिकाणी तेलाचा कण सोडला की ते पुन्हा चालते. त्याला कोणताही नवा भाग लागत नाही.

तिसरे कारण कॉइल. तिची तार केसापेक्षा बारीक असते. ती क्षाराने तुटते, किंवा सेल बदलताना स्क्रू ड्रायव्हर घसरला तरी तुटते. साध्या मल्टिमीटरने ती तपासता येते. बहुतेक घड्याळांत कॉइल धड असेल तर मीटर साधारण एक ते तीन हजार ओहम दाखवतो. तार तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. तुटलेल्या कॉइलच्या जागी त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या मशीनची कॉइल बसवता येते. चौथे कारण चिप. चिप गेली तर मात्र दुरुस्ती नाही. तीही त्याच जातीच्या दुसऱ्या घड्याळातून आणावी लागते.

घरबसल्या आपण काय ओळखू शकतो? सेकंदकाटा दर सेकंदाला न हलता दोन-दोन सेकंदांनी उड्या मारत असेल, तर अनेक घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते, बिघाड नव्हे. काटा जागच्या जागी थरथरत असेल, तर चिप आणि कॉइल जिवंत आहेत. सेल अशक्त आहे किंवा चाके अडली आहेत. काटा अगदी निश्चल असेल, तर सेल, टेकण, कॉइल, चिप या क्रमाने संशय घ्यावा. आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवलेले घड्याळ रोज सेकंदभर मागे पडत असेल, तर दुकानात धावायचे कारण नाही. हे स्फटिक साधारण २५ अंशांना अचूक चालतील असे कापलेले असतात. फार उष्ण किंवा फार थंड झाले की ते किंचित मंदावतात.

आता प्रश्न येतो सुटे भाग मिळण्याचा, आणि खरी अडचण तिथेच आहे. आपल्या देशात मनगटी घड्याळे मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली ती एचएमटीने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूत तिचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. पुढे तिने क्वार्ट्झ घड्याळेही काढली. हैदराबादच्या ऑल्विनने सिकोच्या सहकार्याने घड्याळे बनवली. टाटा समूह आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून १९८४ साली टायटन स्थापन केली आणि १९८७ पासून होसूरच्या कारखान्यातली तिची क्वार्ट्झ घड्याळे दुकानांत दिसू लागली. किल्लीची घडी मागे पडली ती याच काळात.

यांतली टायटन आजही आहे, तिची सेवा केंद्रेही आहेत. ऑल्विनची घड्याळे कधीच थांबली. एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. म्हणजे टायटनवाल्याला निदान एक दार ठोठावता येते. एचएमटी किंवा ऑल्विनच्या क्वार्ट्झवाल्याला कारखान्याचे दारच उरलेले नाही. किल्लीच्या एचएमटीचे सुटे भाग जुन्या कारागिरांकडे अजून सापडतात, कारण ती घड्याळे संख्येने खूप होती आणि तिचे चाहतेही खूप आहेत. जुन्या क्वार्ट्झला ते भाग्य लाभलेले नाही. किल्लीचे घड्याळ जपण्यासारखे आणि सेलचे घड्याळ टाकण्यासारखे, असा एक समज पसरला आहे.

म्हणून चांगला कारागीर ओळखायची पहिली खूण म्हणजे त्याच्याकडचे पत्र्याचे डबे. त्यांत मेलेली घड्याळे असतात. गिऱ्हाइकाला तो कचरा वाटेल, पण एका मेलेल्या घड्याळाची कॉइल दुसऱ्याला जीवदान देते. दुसरी खूण, तो आधी विचारतो. घड्याळ कधी बंद पडले, एकदम की हळूहळू, पाणी लागले होते का, शेवटचा सेल कोणी टाकला? तिसरी खूण, त्याच्या टेबलावर डोळ्याला लावायच्या भिंगाबरोबर मीटरही असतो आणि तो वापरला जातो. चौथी खूण, झाकण उघडल्यावर तो मशीनवरचा क्रमांक वाचतो. हा क्रमांक फार महत्त्वाचा. डायलवरचे नाव पाहून भाग मिळत नाहीत, मशीनच्या क्रमांकावरून मिळतात. सिकोच्या घड्याळात तर तो झाकण न उघडताही कळतो. पाठीवर छापलेल्या मॉडेल क्रमांकाचा पहिला चार अक्षरांचा गट हाच मशीनचा क्रमांक असतो. आणि पाचवी खूण, जमणार नसेल तर तो तसे सांगतो.

या खुणा पाटीवर दिसत नाहीत. त्यामुळे जाताना तीन प्रश्न मनात ठेवून जावे. कॉइल मोजून पाहाल का? मशीन खोलून साफसफाई करता का, की फक्त बदलता? बदललेला भाग मला परत द्याल का? या तीन प्रश्नांची उत्तरे कशी मिळतात, त्यावरून बरेच काही कळते. शांतपणे विचारावे, परीक्षा घेतल्यासारखे नव्हे. समोरचा माणूस दिवसभर डोळ्यांचे पाणी करून बारीक काम करत असतो.

गोंदिया जिल्ह्यात शोध सुरू करायचा तो घराजवळूनच. तिरोडा असो, आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव, तालुक्याच्या बाजारात एखादा वयस्कर घडीसाज बसतो का ते पाहावे. मोठ्या शोरूममध्ये विचारण्यापेक्षा जुन्या सोनाराला, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला किंवा निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याला विचारावे. रेल्वेतल्या माणसांचा घड्याळाशी जन्माचा संबंध, त्यांना हातांची पारख असते. रेडिओ दुरुस्त करणारा आणखी एका कारणाने उपयोगी आहे. क्षार चढलेली टेकणे साफ करणे, तुटलेल्या ठिकाणी बारीक डाग देणे, मीटर लावणे हे त्याच्या रोजच्या कामातले. घडीसाज आणि तो, दोघे एकमेकांना ओळखत असतील तर अर्धे काम झालेच.

तिथे जमले नाही तर गाडी आहेच. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन. नागपूर सुमारे १३० किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. सीताबर्डी, महाल, इतवारी या जुन्या बाजारपेठांत चौकशी करावी. पूर्वेला रायपूर आहे, सालेकसा-देवरीकडच्यांना तो रस्ताही ओळखीचा. पण निघण्याआधी फोन करावा आणि मशीनचा क्रमांक सांगावा. मोबाइलवर डायलचा, पाठीचा आणि उघडलेल्या मशीनचा असे तीन फोटो काढून पाठवले, तर अनुभवी माणूस भाग मिळण्यासारखा आहे की नाही हे तिथूनच सांगू शकतो. तिकिटाचे पैसे आणि दिवस दोन्ही वाचतात. मुंबई-पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कारागिराकडे पार्सल पाठवायचे झाले तर आधी सेल काढून घ्यावा, पट्टा वेगळा करावा, फोटो जवळ ठेवावेत आणि विमा उतरवूनच पाठवावे. खर्चाचा अंदाज लेखी मागावा. आपल्याला विचारल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, हेही लिहून द्यावे.

दोन गोष्टी मात्र स्वतः करू नयेत. एक, घरच्या चाकूने झाकण उघडणे. पेटीवर ओरखडे पडतात आणि चाकू आत घसरला तर थेट कॉइलवर जातो. दोन, काटे अडले म्हणून शिलाई यंत्राचे तेल किंवा खोबरेल सोडणे. घड्याळाला लागणारा तेलाचा थेंब सुईच्या टोकावर मावतो. जास्त तेल पसरते, चाकांना आणि डायललाही चिकटते आणि मग ते काढायला कारागिराला दुप्पट वेळ लागतो.

इतके करूनही कधी मशीन बदलण्यावाचून इलाज नसतो. चिप जळालेली असते, त्या क्रमांकाचे दुसरे घड्याळ कुठेही मिळत नाही आणि घरातल्या माणसाला ते मनगटावर घालायचे असते. मग मशीन बदलून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. फक्त दोन अटी घालाव्यात. डायलचे पाय कापायचे नाहीत, त्याच मापाचे आणि डायल नीट बसेल असेच मशीन शोधायचे. आणि निघालेले जुने मशीन, जुने काटे एका कागदी पाकिटात घालून परत घ्यायचे. पाकिटावर तारीख आणि क्रमांक लिहून ते घड्याळाच्या डब्यात ठेवायचे. आणखी दहा वर्षांनी कुणाकडे त्याच जातीचे मेलेले घड्याळ सापडले, तर आपल्या घरचे घड्याळ पुन्हा मूळ रूपात येऊ शकते. मशीन दुकानातच सोडून आलो, तर ते दार कायमचे बंद होते.

शेवटी कारागिराच्या बाजूनेही थोडे पाहिले पाहिजे. क्वार्ट्झ मशीन खोलून साफ करायला काही तास लागतात आणि बदलायला काही मिनिटे. गिऱ्हाईक दोन्ही कामांना सारखेच पैसे द्यायला निघाले, तर कोणता शहाणा माणूस पहिले काम करील? त्याची मुलेही मग मोबाइल दुरुस्तीकडे वळतात आणि वडिलांचे डबे भंगारात जातात. तेव्हा दुरुस्ती मागायची तर तिची मजुरी देण्याची तयारी ठेवली पाहिजे आणि काम होईपर्यंत पंधरा-वीस दिवस थांबले पाहिजे. घड्याळ विकत घेताना जी किंमत पडली होती, तिच्याशी ही मजुरी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

आज घरी गेल्यावर तो डबा उघडा. बंद घड्याळ असेल तर पाठीवरचा क्रमांक वहीत उतरवून घ्या आणि पहिल्या सवडीने जवळच्या घडीसाजाकडून त्यातला जुना सेल तेवढा काढून घ्या. दुरुस्तीचा माणूस मिळायला सहा महिने लागले तरी चालतील, पण गळणारा सेल तेवढे दिवस थांबणार नाही.